प्लिमथच्या मागच्या सीटची शिवण

मी, पुरुषोत्तम गणेश रिसबूड, वय बहात्तर, जन्म पुण्याचा, राहणार हॉल ग्रीन, बर्मिंगहॅम, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. खात्री करायची तर डॉक्टरला विचारावं, दीनानाथला विचारू नये. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. सॉलिसिटर म्हणाला, इंग्रजीत एका पानात उरकेल. उरकलं असतं, पण माझी माणसं मराठी आहेत आणि माझी भांडणंही मराठीतलीच आहेत.

कलम १. घर, बँकेतली शिल्लक आणि घरातलं सामान माझी मुलगी कस्तुरी हिला. ती लेस्टरच्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. हे मृत्युपत्र अमलात आणायचं कामही तिचंच. घर विकायचं तर खुशाल विकावं. नव्या मालकाने मागचं सफरचंदाचं झाड तोडलं तर तिकडे फिरकू नये, म्हणजे त्रास होणार नाही.

कलम २. गॅरेजमधली हत्यारं आमच्या जुन्या अमेरिकन गाड्यांच्या क्लबला. टॉर्क रेंच माझा मित्र दीनानाथ खोपकर याच्याकडे आहे. तो नेऊन इतका काळ झाला की तो त्याला आपलाच वाटतो. तसं नाही, तो परत आणावा. दीनानाथला मी मुद्दाम या मृत्युपत्राचा साक्षीदार केलं आहे, कारण इथल्या कायद्याप्रमाणे साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

कलम ३. माझी पुस्तकं आणि कागद: कारखान्यांची दुरुस्तीची पुस्तकं, डीलरांच्या ऑर्डरवह्या, रंगांचे नमुने चिकटवलेले तक्ते. हेही क्लबला. एखादी गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली तेव्हा नेमकी कशी होती, हे शोधण्यात माझी सगळी निवृत्ती गेली आणि मजेत गेली. लोक बॉनेटखालच्या पाटीवरचे आकडे फोनवर वाचून दाखवायचे आणि मी त्यांना इंजिन, गिअरबॉक्स, सीटचं कापड सांगायचो. एका पाटीवरून कळलं की मूळ गिऱ्हाइकाने मुद्दाम सांगून गाडीतला हीटर काढायला लावला होता. कोण असेल तो? गरम मुलखातला की नुसताच चिक्कू? मी दोन हिवाळे त्याचा विचार करत होतो. क्लबमध्ये कोणाला समजलं तर कस्तुरीला कळवावं. ती विचारणार नाही, पण तिला सांगावं.

कलम ४. माझी १९६७ सालची प्लिमथ, जिचं स्टिअरिंग डावीकडे आहे आणि जिच्यामुळे कार पार्कचं तिकीट घ्यायला शेजारी बसलेल्या माझ्या पत्नीला, यमुनेला, खिडकीतून अर्धं बाहेर यावं लागायचं, ती कस्तुरीला. ती म्हणते, "बाबा, एवढा मोठा गाडी माझ्या ड्राइव्हवर बसणारच नाही." बसेल. तिच्या घरासमोरच्या जागेची मापं मी घेऊन आलो आहे.

ही गाडी मी मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन हवाईदलातल्या माणसाकडून घेतली. तेव्हा ती हिरवी होती आणि आजही हिरवीच आहे. मात्र जन्माला आली तेव्हा कोणत्या रंगाची होती, हे मला माहीत नाही. इतरांच्या गाड्यांचं सगळं सांगणाऱ्या माझ्या स्वतःच्या गाडीच्या पाटीवरचा रंगाचा आकडा बॅटरीच्या ॲसिडने खाल्ला आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. अमेरिकेत पत्रं पाठवली. त्या वर्षाच्या नोंदी उपलब्ध नाहीत, असं नम्र उत्तर आलं. डिकीच्या गालिच्याखाली निळ्या रंगाचा तळहाताएवढा डाग आहे. त्यावरून दीनानाथ म्हणतो गाडी निळी होती. मी म्हणतो, हिरवीच होती, तो डाग कोणीतरी नंतर केलेल्या डागडुजीचा. यावर आम्ही इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, दिवाळीत आणि एकदा एका बारशातही भांडलो आहोत.

कलम ५. माझी पत्नी यमुना इथे एका सोफ्यांच्या कारखान्यात शिलाईवर होती. प्लिमथची मागची सीट फाटून स्प्रिंगा वर आल्या, तेव्हा तिने ती सगळी उसवून नव्याने शिवली. मी गाडीखाली होतो. ती वरून म्हणाली, "अहो, सीटच्या आत कागद आहे. छापलेला, नुसते आकडेच आकडे." मी म्हणालो, टाकून दे. "लिहिलेला कागद केरात टाकू? आणि सरस्वतीवर लोकांनी बसायचं का?" म्हणून तिने तो बसायच्या भागातून काढून पाठीच्या भागात ठेवला आणि वाकड्या सुईने, हिरव्या दोऱ्याने शिवण घातली.

पुढे एका मासिकात वाचलं की कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर तिचा सगळा तपशील लिहिलेला कागद फिरायचा, आणि कामगार कधीकधी तो सीटच्या स्प्रिंगांतच सोडून द्यायचे. त्यावर रंगही असतो. हे वाचलं तोवर यमुना गेली होती.

दीनानाथला मी फक्त एवढंच सांगितलं की कागद सीटमध्ये आहे. त्याने खालून कोपरापर्यंत हात घातला, काही मिळालं नाही, आणि मंडळात जाहीर केलं की रिसबुडांचा कागद उंदरांनी खाल्ला. मी त्याला उंदरांवर समाधान मानू दिलं. पाठीत आहे म्हटलं असतं तर त्याने लगेच कात्री मागितली असती. त्या शिवणीवर माझा जीव आहे. यमुनेच्या हातचं न विटलेलं, न फाटलेलं घरात आता तेवढंच उरलं आहे.

कलम ६. ~~माझ्या मृत्यूनंतर कस्तुरीने सीटची पाठ उसवावी, कागद काढावा आणि त्यावरचा रंग दीनानाथला दाखवावा.~~ हे कलम खोडलं आहे. त्याचं कारण असं.

आज जेवणाच्या टेबलाशी हे लिहीत असताना मी ते दोन्ही साक्षीदारांना, दीनानाथला आणि शेजारच्या उल्काला, वाचून दाखवलं. दीनानाथने बिस्कीट खाली ठेवलं. कागद पाठीत आहे हे त्याला आत्ताच कळत होतं, तरी तो त्यावर भांडला नाही.

"पुरुषोत्तम," तो म्हणाला, "तू गेल्यावर उघडायचं, म्हणजे तुला कळणार कसं? मी वर येऊन सांगू?"

 सगळी निवृत्ती लोकांच्या गाड्यांचे रंग शोधले आणि स्वतःचा न कळता जायची मी सहीनिशी तजवीज करत होतो. मला फार वाईट वाटलं.

कस्तुरी चहा घेऊन आली होती. म्हणाली, "बाबा, आईचा शिलाई सेव्ह करून काय करणार? तिला काही कळलं नाही तर ती झोपायची नाही. शी वुड हॅव ओपन्ड इट हरसेल्फ." आणि वर जाऊन यमुनेचा शिवणाचा डबा घेऊन आली. त्यात वाकडी सुई आहे आणि त्याच हिरव्या दोऱ्याचं अर्धं रीळ.

तेव्हा नवं कलम ६. सीटची पाठ आजच उसवायची, सह्या झाल्यावर लगेच. आधी सह्या, कारण कागद पाहिल्यावर मी शुद्धीत राहीन याची हमी देत नाही. गाडी निळी निघाली तर मी मंडळात उभा राहून सांगेन. हिरवी निघाली तर दीनानाथ सांगेल. त्याने तसं कबूल केलं आहे, उल्का साक्षीला आहे. मात्र रंग कोणताही निघो, गाडी पुन्हा रंगवू नये.

कागद वाचून झाला की पुन्हा पाठीतच ठेवायचा. यमुनेने ठरवलेली जागा बदलायची नाही. शिवण कस्तुरीला येत नाही, दीनानाथला मी हात लावू देणार नाही. शिवणार मी. वाकडी येईल, टाके लहानमोठे पडतील. ती कोणी उसवू नये.

हॉल ग्रीन, बर्मिंगहॅम
रविवार, १५ ऑक्टोबर २००६

पुरुषोत्तम गणेश रिसबूड

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली आणि आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर सही केली. खोडलेल्या कलमाशेजारी तिघांची आद्याक्षरं आहेत.

१. दीनानाथ खोपकर, निवृत्त इंजिनिअर, वुल्व्हरहॅम्प्टन
२. उल्का देवस्थळी, सॉफ्टवेअर इंजिनिअर, शेजारी, हॉल ग्रीन