मागूरची जोडी आणि शहाबादी फरशी

२ जुलै
तुकाराम भोई पाटणहून आला. डब्यात चिखल, चिखलात देशी मागूर माशांची जोडी. भातखाचरातली. "काका, आदी हातानं येचायचो. आता ह्या दोनच घावल्या. पुन्ना मिळंल आसं धरू नगा."
मादीचं पोट भरलेलं. तीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये फॉर्मॅलिनमधल्या मागूरच्या बाटल्या पुसल्या. जिवंत पिल्लू एकदा तरी बघायचंय.

४ जुलै
टाकीत दर पाच-सात मिनिटांनी वर येतात. आधी मिश्या, मग तोंड. हवा घेतली की खाली. जेवण सोडून बघत बसलो. माझी बायको रझिया हसली.

६ जुलै
मादी टाकीतून निसटली, ओल्या जमिनीवरून सरपटत गेलेली मोरीत सापडली. रझियाने पदरात उचलली. काटा लागून बोट टम्म सुजलं. तरी आधी विचारलं, "जित्ती हाय न्हवं?"

९ जुलै
पाटणला चाललोय. अंडी घालायला खाचरातली माती पाहिजे. उद्या नळाला पाणी नाही. रझियाला दटावलं, टाकी काठोकाठ भर, वर शहाबादी फरशी ठेव, केसाएवढी फट नको. जरा जास्तच बोललो.

११ जुलै
मादी मेली.
फरशी उचलली तर तिला चिकटूनच. पाणी फरशीला टेकलेलं, हवेला जागा कुठे? फरशीच्या एका कोपऱ्याचा टवका उडालाय, तिथे तोंड लावून नर तेवढा जगला.
"तुमीच म्हणला, फट ठिवू नको. माशाला वारं लागतंय, मला काय ठावं?"
खरंय. मला ठाऊक होतं.

१२ जुलै
सवयीने तिच्यासाठी बाटली धुवून ठेवली. मग नको वाटलं. रझियाने मादी लिंबाखाली पुरली, अंड्यांसकट. मातीची पिशवी तशीच पडलीय. फार रडलो.

१६ जुलै
तुकारामचा फोन. "समदं वढं बघितलं. देशी न्हाई. परदेशी मांगूर लय हाय, मनगटायेवढा. बारकं समदं त्योच खातोय. आणू काय?"
नको म्हटलं.

१९ जुलै
नर खात नाही. हवेला येतो तेवढाच. रझिया म्हणते, "सोडा की त्याला." कुठे सोडू? कृष्णेत तर तोच परदेशी बसलाय. आणि सोडून जोडीदारीण कुठली?
फरशी काढून भिंतीला लावली. पाणी काठाच्या चार बोटं खाली आहे. सकाळपासून पाऊस, अंगण ओलं. जातो म्हणाला तर अडवणार नाही.
आत्ताच वर येऊन हवा घेऊन गेला.