कमानीवरचा पक्षी

कुंभकोणम,
१२ मार्च १९५६

प्रिय भुवना,

अनेक आशीर्वाद. तीन वर्षांत तुज एक ओळ लिहिली नाही. तू काढून पाठवलेलं आपल्या गावच्या जुन्या माताकोविलाचं चित्र पोचलं. ख्रिस्ती लोकांचं देऊळ म्हणून मी आजवर त्यावरून नुसता जात आलो, मान वर करून पाहिलं नाही. तुझ्या आईनं पाकीट फोडलं तेव्हा म्हटलं, ठेव बाजूला. ती स्वामीमलैला देवदर्शनाला गेल्यावर मात्र चित्र घेऊन अंगणात उजेडाला बसलो.

पितळेच्या भांड्यांवर नावं घालण्यात माझा जन्म गेला. तू केलंस तसं तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं चित्र उठवून कागदावर छापायचं तर सगळं उलटं कोरावं लागतं, हे मज कुणी सांगायला नको. पण भिंतीवरची ती सावली, नुसत्या केसाएवढ्या रेघांनी! माझ्या हातून ती व्हायची नाही. असं मी उगाच म्हणत नाही, तुज ठाऊक आहे.

एक मात्र उमगेना. दारावरच्या कमानीत एक पक्षी चोचीनं आपलीच छाती फोडतो आहे. अभद्र वाटलं. दुसऱ्या दिवशी चित्र घेऊन थेट तिथंच गेलो. तिथले म्हातारे पाद्री चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले. पिलं उपाशी असली की ही पक्षीण त्यांना स्वतःचं रक्त पाजते अशी जुनी समजूत आहे, आमच्यासाठी ती येशूची खूण, असं त्यांनी सांगितलं. मग खांबावरच्या लोंब्यांवर बोट ठेवून हसले. खऱ्या खांबावर गहू कोरलाय, त्यांच्या प्रसादाच्या भाकरीची खूण म्हणून. तू तिथं भाताच्या लोंब्या काढल्यास. "इथला माणूस ज्यावर जगतो, तेच तुमच्या मुलीनं देवापुढं ठेवलंय," ते म्हणाले. 'तुमच्या मुलीनं' हे शब्द किती दिवसांनी कानांवर पडले.

चित्राबरोबर तू आईला लिहिलेली चिठ्ठी तिनं काल मज वाचून दाखवली. तुज सातवा महिना लागला. अरुळदास ख्रिस्ती, त्यांच्याशी लग्न केलंस तेव्हा पुन्हा या घरी येऊ नकोस, असं म्हणालो होतो. चुकलो. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. जावयांनाही घेऊन ये, त्यांना मी अजून पाहिलेलं नाही. त्यांना जेवायला काय आवडतं ते कळव, तुझी आई विचारायला लाजते. गाडी कोणती तेही लिही. स्टेशनावर मी स्वतः येईन.

तुझाच,
अप्पा