चार बोटांचं अंतर

अंबरपेठ, हैदराबाद
२१ ऑगस्ट १९९५

प्रिय अक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. रोज उत्तराला बसते आणि रोज मध्येच काहीतरी निघतं. आता दुपार आहे, तेजू झोपलीय, सासूबाई भाजीला गेल्यात. तेवढ्यात लिहून टाकते.

यांच्या कुकटपल्लीच्या कारखान्यात परदेशी कंपनी भागीदार म्हणून आली, तेव्हापासून हे रविवारीही कामाला जातात. कुणाला ठेवतील, कुणाला काढतील, काही कळत नाही. घरी आले तरी बूट न काढता बसल्यासारखे बसतात.

मनूला तिकडे तुझ्याकडे दात आले का? तेजूला खाली दोन आलेत. जुळ्यांना एकाच वेळी येतात का कोण जाणे. मनू रांगते का तेही तू लिहिलं नाहीस.

माझं म्हणशील तर पोट अजून तसंच आहे. परवा भाजीवालीने विचारलं, कितवा महिना. मी सहावा म्हणून सांगून मोकळी झाले. बाळंत होऊन आठ महिने झालेत हे तिला कुठे समजावत बसू?

केबलवर एक बाई सकाळी व्यायाम दाखवते. उताणं झोपायचं, पाय घट्ट ठेवायचे आणि सरळ उठून बसायचं. मी तीन आठवडे केलं, रोज पन्नास वेळा. पोट आत जायचं सोडून उठताना मधोमध उभा उंचवटा यायला लागला आणि कंबर इतकी धरली की तेजूला पाळण्यातून काढायलासुद्धा सासूबाईंना हाक मारावी लागली.

शेवटी हिमायतनगरला फिजिओथेरपीच्या सत्यवती मॅडमकडे गेले. त्यांनी मला झोपवलं, डोकं जरासं उचलायला लावलं आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून दाबली. चार बोटं आत गेली. जुळ्यांच्या भाराने पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून सरकलेत, आणि मी ते व्यायाम करून त्यांना आणखी दूर ढकलत होते म्हणे. मॅडम तेलुगू, पण माझ्याशी इथल्या हिंदीत बोलतात. म्हणाल्या, "पेट को मारो मत अम्मा, पास बुलाओ."

आता दिवसभर रुंद सुती पट्टा बांधते. दोन्ही टोकं पाठीमागून आणून पोटावर एकमेकांवरून ओढायची, म्हणजे दोन्ही बाजू जवळ येतात. आंघोळीपुरता सोडायचा. खुर्चीत ताठ बसून बेंबी पाठीकडे ओढायची आणि श्वास न कोंडता तीस आकडे धरून ठेवायची. बिछान्यातून सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हात टेकून उठायचं. तीस मोजताना मी सतरा-अठरावर चुकते आणि पुन्हा एकपासून सुरू करते. मन जागेवर नसतं.

तू जे विचारलंयस ते यांच्याशी बोलून कळवते. तेजू उठली.

मनूचा पापा घे.

तुझी त्रिवेणी


१२ ऑक्टोबर १९९५

अक्का,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. फोन करावा म्हणून दोनदा एसटीडी बूथपर्यंत गेले आणि तशीच परत आले. तुझा आवाज ऐकला की मी हो म्हणून बसेन, म्हणून लिहितेय.

अडीच बोटं राहिलीत. आता खुर्चीवरच्या व्यायामाबरोबर झोपून डोकं उचलायचा व्यायामही दिलाय, पोटाच्या दोन्ही बाजू ओढणीने आवळून धरून. मॅडम म्हणाल्या, इतक्या नेमाने करणारी बाई पाहिली नाही, कशासाठी करतेस? साडी नीट बसावी म्हणून, असं मी सांगितलं.

खरं ते नाही. मी तेजूला उजव्या कडेवर घेते आणि डाव्या बाजूला किती जागा उरते ते बघते. दिवसातून तीन-चार वेळा. सासूबाईंना वाटतं, माझं डोकं फिरलंय.

मार्गशीर्षात मनूला दत्तक घ्यायचं दाजींच्या मनात आहे, वकिलाने कागदही तयार केलेत, असं तू लिहिलंस. यांची ना नाही. नोकरीचा भरवसा नाही, दोघींचं कसं करणार, अक्कांकडे मनूला काही कमी पडणार नाही, असं हे म्हणतात. त्यातलं काहीच खोटं नाही, म्हणून मी गेले दोन महिने गप्प होते.

पण एक गोष्ट तुला सांगितलेली नाही, कुणालाच नाही. फेब्रुवारीत तू मनूला घेऊन रिक्षात बसलीस, तेव्हा सारखी मागे वळून बघत होतीस, मी रडतेय का म्हणून. मला रडू आलं नाही. मला बरं वाटलं. आत जाऊन मी चार तास झोपले, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच इतकी सलग. उठले तेव्हा तेजू रडत होती आणि माझ्या मनात आलं, एकच रडतेय, सुटले. मनूला परत मागायचा हक्क मी त्या दुपारीच घालवला, असं तेव्हापासून वाटत आलंय. तू दत्तकाचं लिहिलंस तेव्हाही पहिल्यांदा हेच वाटलं, की आता बोलायला मला तोंड नाही.

तरी मागते. मी सही करणार नाही, अक्का. यांना काल सांगितलं. हे म्हणाले, "आधी तू उचलून दाखव दोघींना." रागाने म्हणाले की कसं, कळलं नाही.

संक्रांतीनंतर मी मनूला न्यायला येईन. दोन महिन्यांसाठी नेलीस, इतके महिने सांभाळलीस, तिच्या तापात रात्री जागलीस. हे सगळं मला माहीत आहे आणि तरी मी येणार आहे. तू रागावशील. रागाव. पण पत्र बंद करू नकोस.

त्रिवेणी


२८ जानेवारी १९९६

अक्का,

आम्ही सुखरूप पोचलो. मनू बसमध्ये निजामाबादपर्यंत रडली, मग थकून झोपली.

ऑक्टोबरपासून तुझं एकही पत्र नव्हतं. इमलीबनच्या बसस्टँडवरून नांदेडची बस धरली तेव्हा तू दार तरी उघडशील का, ही धास्ती होती. दाजी बोलले नाहीत. त्यांना दोष देत नाही, त्यांनी तिच्यासाठी अंगणात झोपाळा टांगला होता. तू स्वयंपाकघरातून बाहेर येईनास. मनूच्या कपड्यांचं बोचकं मात्र बांधून ठेवलं होतंस. मी आत येऊन तिला तुझ्या कडेवरून घेतलं तेव्हा ती कमानीसारखी मागे वाकली, तुझा पदर सोडेना. मला वाटलं, खाली ठेवावं आणि आल्या पावली परत जावं. तेव्हा तू म्हणालीस, "रडू दे तिला. पण आता खाली ठेवू नकोस."

तू ते कसं म्हणालीस, अक्का? मला जमलं नसतं.

अंतर दीड बोटावर आलंय. एवढं राहिलं तरी चालतं, असं मॅडम म्हणतात. पट्टा सुटला, व्यायाम चालू ठेवायचाय. काल पहिल्यांदा दोघींना एकदम घेतलं. खाली बसले, एकीला या बाजूला, दुसरीला त्या बाजूला धरलं, श्वास सोडत पोट आत ओढलं आणि उभी राहिले. पाय थरथरले, कंबर नाही. हे दारात उभे होते. पुढे आले आणि मनूचा लोंबणारा पाय माझ्या कमरेवर नीट ठेवला.

मी खिडकीपर्यंत चालत गेले. तिथे मनू रस्त्याकडे बघून "आई" म्हणाली. मी "काय गं" म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती तुला हाक मारत होती.

सासूबाई म्हणतात, चार दिवसांत विसरेल. तिने विसरलेलं मला नकोय. काल संध्याकाळपासून घरात नुसती फिरतेय, हे कुणाला सांगावं ते कळत नाही, म्हणून तुलाच लिहिते.

महाशिवरात्रीला ये. दाजी येत नसतील तर एकटी ये. तू दारात दिसलीस की ती माझ्या कडेवरून तुझ्याकडे झेप घेईल आणि मला लागेल ते. तरी ये, आणि आल्यावर तिला पोटभर घे.

तेजूची आई, आणि मनूची दुसरी,
त्रिवेणी