माठ भरायचं काम

बाई, रविवारी सगळ्यात आधी आली ती माझी नात, आणि तीही एकाच पायात चप्पल घालून. दुसरी रिक्षात राहिली. लेक रिक्षामागे पळाला, चप्पल घेऊन आला, पण हातातला मिठाईचा पुडा तिथेच सीटवर ठेवून आला! सून म्हणते, "बघा आई, दोघांना उगाच नाही नेत मी डॉक्टरकडे." मी इतकी हसले की तव्यावरची पोळी करपली. माजिवड्याहून आंबिवलीला ते आले की माझा सणच असतो हो.

तर नातीला एडीएचडी आहे म्हणाले. म्हणजे मन एका जागी टिकत नाही, पोर मुद्दाम करत नाही. ती सात वर्षांची, तिला अजून गोळी नाही, आधी आईबापांनाच शिकवणी लावलीय, पोरीशी कसं वागायचं त्याची. आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या लेकाला कळलं की हे सगळं आपलंच चाललंय. चाळिशी ओलांडली, पाच नोकऱ्या सोडल्या, तेव्हा कळलं. त्याला गोळी चालू आहे, शिवाय दर गुरुवारी एका मॅडमशी तासभर बोलायचं, कामं कशी लावून घ्यायची, चिडायचं कसं नाही. मी चौथी शिकलेली, मला वाटलं हे श्रीमंतांचे चोचले. पण पोरगी आता शांत झोपते.

जेवणाआधी तिचा अभ्यास होता. दोन गणितं केली की उठायचं, कुणाला तरी पाणी नेऊन द्यायचं, परत दोन गणितं. मी चार ग्लास पाणी प्यायले आणि तिची आठ गणितं झाली. मी टाळ्या वाजवतेय, आणि लेक हसत हसत म्हणाला, "माझ्या तिसरीच्या बाई अश्शाच करायच्या. दोन गणितं, मग माठ भर, फळा पूस. मग एकाएकी बंदच केलं सगळं. मॅडमना पण सांगितलं मी. बाईंना पण माझा कंटाळा आला असणार."

बाई, माझा हात तसाच राहिला.

तो तिसरीत होता, एक दिवस मी डबा द्यायला शाळेत आलेले. बघते तर माझा पोरगा बादली घेऊन नळावरून येतोय, सदरा भिजलेला, तोंडभर हसतोय. मला ते हसू दिसलंच नाही, बादलीच दिसली. आमच्या यांचा जन्म वागळे इस्टेटमध्ये साहेबांना चहापाणी देण्यात गेला, आता पोरगाही तेच शिकणार? तशीच हेडमास्तरांच्या खोलीत घुसले. "माझा मुलगा शिकायला येतो, शिपाई व्हायला नाही!" तुम्हाला बोलावून घेतलं. तुमच्या बोटांना खडू लागलेला. तुम्ही एवढंच म्हणालात, "ताई, तो जरा फिरून आला की गणित सुटतं त्याला." मी म्हटलं, "मला नका शिकवू." वर्गातल्या पोरांनी दारातून सगळं ऐकलं, माझा तेवढा पुन्हा नळावर गेलेला.

दुसऱ्या दिवसापासून तो जागेवर बसला. म्हणजे बसवला. घरी आला की आधीसारखी तुमची शाबासकीची चिठ्ठी नाही, मग मी लाटणं घ्यायचे. "जरा एका जागी बस की रे मेल्या!" सातवीत नापास झाला. मी गावभर सांगितलं, शाळाच चांगली नव्हती.

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या घरी येऊन गेले मी, सगळ्यांसोबत उभी राहिले, फुलं वाहून परत आले. आता हे लिहिलंय ते पोस्टात तरी कुठे टाकणार. लेकाच्या हातात द्यायला हवं, तर हात पुढे होत नाही. तो "कंटाळा आला असणार" म्हणाला ना, तेव्हा मी गप्पसुद्धा बसले नाही बाई. मी म्हणाले, "असेल रे, वर्ग मोठा होता."

जाताना नात म्हणाली, आजी, पाण्याचे ग्लास तयार ठेव. येत्या रविवारी येणार आहेत, अकरापर्यंत.