एकटीच्या कंपनीला दुसरं नाव

३ नोव्हेंबर

दिनेश येऊन गेला. कंपन्यांची कागदपत्रं करतो. माझ्या वेदिकाच्या वर्गातला, म्हणून मला काकू म्हणतो — फी मात्र पूर्ण घेतो! एका मोठ्या हॉटेलवाल्याला आपली सुकवलेली मेथी नि कांदा हवाय, पण 'कंपनी असेल तरच घेऊ' म्हणतो. करू कंपनी. भागीदार मात्र नको. भागीदारी संसारात केली तेवढी पुरे.

"काकू, आता एकट्या माणसाचीही कंपनी निघते. २०१३ च्या कायद्याने." आधी निदान दोघं तरी लागायची म्हणे.

६ नोव्हेंबर

कायदा वाचायला घेतला. दोन पानांत जांभया. पूर्वी ज्या चुकांना तुरुंग होता, त्यातल्या बऱ्याच चुकांना आता नुसता दंड. बरं झालं, मेथीपायी आत जायला नको.

एक गंमत सापडली — कंपनी एकटीची, पण दुसरं नाव दिल्याशिवाय नोंद होत नाही! मी गेले तर कंपनी कुणाची, ते आधीच सांगायचं. आणि त्या माणसाची लेखी संमती हवी.

७ नोव्हेंबर

दुसरं नाव कुणाचं, यात विचार कसला. वेदिका! हा सगळा खटाटोप कुणासाठी? उद्या कॅनडाला कंटाळून परत आली, तर इथे मखमलाबादला तिचं काहीतरी उभं असावं. हे तिला बोलले नाही कधी. बोललं की तिला ओझं वाटतं.

दिनेश म्हणाला, "आधी परदेशात राहणारं माणूस चालत नव्हतं. २०२१ ला बदललं. राहू दे कुठेही, भारताची नागरिक असली की झालं." सरकारने माझ्यासाठीच बदललं जणू.

११ नोव्हेंबर

वेदिकाला संमतीचा कागद पाठवला. "बघते गं," म्हणाली.

१७ नोव्हेंबर

कागद नाही. वर सल्ला — "आई, मोहिनीमावशीला घे ना, ती जवळ आहे." आळस, दुसरं काय! एका सहीला काय जातं?

शेडवर तानुबाई मेथी पसरत होती. दहा वर्षं झाली तिला माझ्याकडे. म्हणाली, "मंग पोर येनार का इकडं?" येईल की, म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं नि मेथी पसरत राहिली.

२० नोव्हेंबर

दिनेशचा फोन. हॉटेलवाला आता थांबणार नाही. रागाच्या भरात वेदिकाला लिहिलं — तुला आईचं काहीच नको का? लिहिल्यावर वाईट वाटलं. पण पाठवलं.

२१ नोव्हेंबर

वेदिकाचा फोन. रडत होती. ती आता भारताची नागरिकच नाही. मार्चमध्येच कॅनडाची झाली. "तुला सांगायचा धीर झाला नाही गं."

शपथ घेतानाचा फोटो आहे म्हणाली. पाठवू का?

पाठव, म्हटलं.