अठरा अधिक, सहा उणे

५ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर यापुढे कामाचं काही बोलायचं नाही, असं मी परवाच ठरवलं. मी तुम्हाला तीनदा ओरडून विचारलं की टेस्ट कोणती करू, आणि तुम्ही मामींना सांगितलंत की टिटवीला डॉक्टरांनी टेस्ट करायला सांगितल्या आहेत. तासाभरात आईचा रडवेला फोन. म्हणून हे पत्र. कृपा करून चष्मा लावून वाचा.

आमच्या हॉस्पिटलात नोव्हेंबरपासून आठ तासांची ड्यूटी बंद करून बारा तासांची सुरू केली आहे. तीन महिने करून बघू म्हणाले. थकवा वाढतो का, याचा सर्व्हे मेट्रनबाईंनी माझ्या गळ्यात मारला, कारण मी इन्चार्ज सिस्टर आणि वर हा नर्सिंगचा कोर्सही करते आहे, त्याला एक प्रोजेक्ट लागतोच. अठ्ठावन्न नर्सेसनी आधी आणि नंतर फॉर्म भरले. ड्यूटी संपताना किती थकवा वाटतो? अजिबात नाही, थोडा, बराच, खूप, असह्य. मी त्यांना एक ते पाच आकडे दिले. आठ तासांची सरासरी २.९ आली, बारा तासांची ३.२. कोर्सच्या मॅडम म्हणाल्या की टी-टेस्ट लाव, दोन सरासऱ्या ताडून पाहायला सगळे तीच लावतात. लावली. कॉम्प्युटरने ०.११ असा आकडा दिला, म्हणजे नुसत्या योगायोगानेही एवढा फरक शंभरात अकरा वेळा दिसतो. मॅडम म्हणाल्या की तो ०.०५ च्या वर आहे, म्हणजे फरक नाही, संपला विषय.

फरक नाही! मामा, माझ्या वॉर्डातल्या मुली हल्ली भिंतीला टेकून बूट काढतात. तीस एप्रिलला कमिटी बसणार आणि बारा तास कायमचे होणार. तुम्ही फक्त योग्य टेस्टचं नाव लिहून पाठवा. एक ओळ पुरे.

मामींना नमस्कार. भाचीवरचा लोभ एका ओळीत मावेल असा पाठवावा, ही विनंती.

तुमची,
टिटवी


११ मार्च

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

औषधाच्या दुकानात जाऊन ‘एक चांगलीशी गोळी द्या’ म्हणणाऱ्याला तू काय म्हणतेस? तेच मी तुला म्हणतो आहे असं समज.

मी चौतीस वर्षं सांख्यिकी शिकवली. दर वर्षी मार्च महिन्यात कुणीतरी भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन दारात उभं राहायचं आणि हाच प्रश्न विचारायचं. शर्ट शिवून झाल्यावर माप द्यायला येणारी ही सगळी मंडळी. घरातच एक निघेल असं वाटलं नव्हतं.

आता माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. आधीच्या अठ्ठावन्न आणि नंतरच्या अठ्ठावन्न त्याच, की वेगळ्या? फॉर्म छापण्यापूर्वी तुला नेमकं काय जाणून घ्यायचं होतं? आणि ‘थोडा’पासून ‘बराच’ जेवढा लांब, तेवढाच ‘खूप’पासून ‘असह्य’ लांब असतो, हे तुला कुणी सांगितलं? एक पेशंट खूप दुखतंय म्हणाला आणि दुसरा असह्य दुखतंय म्हणाला, तर तू उशाशी उभी राहून पाचातून चार वजा करतेस का?

तुझ्या रक्ताचे रिपोर्ट आले का, असं मामी विचारते आहे. तिला समजावता समजावता मी हात टेकले आहेत.

प्रकृतीला जप, आणि रागावू नकोस. रागवायची पाळी माझी आहे.

मामा


१७ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

त्याच! त्याच नर्सेस! दुसऱ्या आणू कुठून? फॉर्मवर नाव लिहायचं नाही असा शब्द मी सगळ्यांना दिला होता. पण प्रत्येकीने कोपऱ्यात आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि स्वतःची जन्मतारीख लिहिली आहे. म्हणजे एकीचे दोन फॉर्म जुळवता येतात, पण ती कोण ते कळत नाही. मॅडम म्हणाल्या की एवढी उठाठेव कशाला, दोन गट करून मोकळी हो. मी झाले.

मला जाणून काय घ्यायचं होतं? थकवा वाढतो का, एवढंच. आणि एक ते पाचचं कुणी सांगितलं नाही. कॉम्प्युटरला शब्द चालत नाहीत, आकडे लागतात, म्हणून दिले.

आता चांगली बातमी. तुमच्या उत्तराची वाट बघत न बसता मी कॉम्प्युटरच्या यादीतल्या टेस्ट एकेक करून लावून पाहिल्या. टी-टेस्ट धरून चार वाया गेल्या. पाचव्या वेळी मी ‘खूप’ आणि ‘असह्य’ एकत्र केले, लहान मुलांचा वॉर्ड बाजूला काढला, कारण तिथल्या मुली उगीचच उत्साही आहेत, आणि आला ०.०४! हाच लिहू ना? नुसतं हो म्हणा. रविवारी टाइप करायला बसते.

मामींना सांगा की माझं रक्त ठणठणीत आहे. माया आहेच, तिला होकाराची जोड द्यावी.

तुमची,
टिटवी


२१ मार्च

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दारातच उघडलं आणि वाचता वाचता चपलांच्या कपाटावर बसलो. मामी पाणी घेऊन आली.

हो म्हणणार नाही. नाणं पाच वेळा उडवायचं आणि हवा तो छापा पडला की तेवढाच जगाला दाखवायचा, याला संशोधन म्हणत नाहीत. लहान मुलांचा वॉर्ड का काढलास? त्यांची उत्तरं तुझ्या सोयीची नव्हती म्हणून. एखाद्या नवशिक्या नर्सने पाच वेळा रक्तदाब मोजला आणि त्यातला आवडलेला चार्टवर लिहिला, तर तू तिचा कान धरून तिला वॉर्डाबाहेर काढशील.

आणि ते कोपऱ्यातलं अक्षर अन् तारीख! अगं, तेच तर तुझ्याकडचं सोनं होतं, आणि ते तू खड्ड्यात टाकलंस. काही बायका मुळातच लवकर दमतात, काही कधीच दमत नाहीत. सगळ्यांची एकच गर्दी केलीस, की माणसामाणसातला हा फरक एवढा मोठा दिसतो की ड्यूटीचा फरक त्यात बुडून जातो. तुझा ०.११ तिथून आला. तुझ्या मॅडमनी हे वर्गात शिकवलं नसेल, तर त्या काय शिकवतात?

तीन वर्षं हा कोर्स करते आहेस. एवढी अक्कल असायला हवी होती.

मी फार बोललो, असं मामी म्हणते. बोललो असेन. पण खोडत नाही.

मामा


२६ मार्च

ती. मामांस,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. अक्कल नाही, हे कळलं.

आता मी सांगते ते ऐका. पाच तारखेच्या पत्रात मी लिहिलं नव्हतं, कारण ते माझ्या वॉर्डातलं आहे आणि मला लाज वाटते. फेब्रुवारीत एका संध्याकाळी सात वाजता, म्हणजे ड्यूटीच्या अकराव्या तासाला, आमच्या सर्वांत हुशार मुलीने इंजेक्शन भरलं. दहापट भरलं. मी योगायोगाने ट्रेच्या बाजूला उभी होते. मी तिचं मनगट धरलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सिरिंजकडे, आणि तिथेच खाली बसली. पलंगावरचे आजोबा विचारत होते की काय झालं, आणि मी सांगितलं की सुई बदलायची आहे.

त्या दिवसापासून मला तो फरक कागदावर हवा आहे. कुठल्याही टेस्टने. तुम्ही आरामखुर्चीत बसून नाण्यांचे दाखले देता. मी दर संध्याकाळी सात वाजता सगळ्यांचे हात बघत फिरते.

यापुढे तुम्हाला त्रास देणार नाही. मामींनी काळजी करू नये.

टिटवी


१ एप्रिल

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मनगट धरलंस, बरं केलंस. अकलेबद्दल लिहिलं ते मागे घेतो.

पण ०.०४ लिहू नकोस, आणि का ते आता सांगतो. हे मामीलाही ठाऊक नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी आमच्या कॉलेजने मला सर्व्हे करायला लावला. सकाळच्या वर्गातली मुलं मागे पडतात का? आमच्या प्राचार्यांना सकाळचे वर्ग नको होते, आणि मलाही पहाटे उठायचा कंटाळा होता. पहिल्या टेस्टमध्ये काही निघालं नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. एकीत निघालं. तेवढंच लिहिलं. वर्ग बंद झाले. आठ-नऊ वर्षांनी पोस्टाच्या खिडकीवर तिकिटं देणाऱ्या बाईंनी मला ओळखलं. त्या माझ्या विद्यार्थिनी होत्या. त्या हसून म्हणाल्या की दुपारी नोकरी असायची, सकाळचे वर्ग गेले, म्हणून शिक्षण दुसऱ्या वर्षाला राहिलं. अहवाल कुणी लिहिला हे त्यांना माहीत नव्हतं. मी तिकिटं घेतली आणि बाहेर आलो. सुटे पैसे घ्यायचे राहिले.

आता काम सांगतो. प्रत्येकीचे दोन फॉर्म जोडून ठेव. थकवा वाढला तर अधिक, कमी झाला तर उणे, तोच राहिला तर शून्य. शून्यं बाजूला ठेव. ड्यूटीने काहीच फरक पडत नसेल, तर अधिक आणि उणे साधारण निम्मे-निम्मे यायला हवेत. हिला साइन टेस्ट म्हणतात. याहून धारदार टेस्ट आहेत, पण थकवा नेमका कितीने वाढला हे त्या विचारतात, आणि तुझ्या पाच शब्दांना ते सांगता येत नाही.

मात्र गठ्ठा उघडण्यापूर्वी एका कागदावर प्रश्न लिही, टेस्टचं नाव लिही, सही कर आणि तो कागद मेट्रनबाईंकडे दे. मग मोज. येईल ते लिही. आधीचे पाच उद्योगही लिही. आणि काहीच निघालं नाही, तरी ते सिरिंजचं कमिटीला सांग. ते सांगायला कुठलीच टेस्ट लागत नाही.

तुझ्या रागासकट तू आम्हाला हवी आहेस.

मामा


१२ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण बसायलाच मिळालं नाही. आता सगळं सांगते.

कागद मेट्रनबाईंना दिला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं की हा राजीनामा तर नाही ना. मग मी भांडारातल्या मोठ्या टेबलावर जोड्या लावल्या. बारा जणींचे फॉर्म जुळेनात. कुणी तारीख उलटी लिहिली, कुणी अक्षर विसरली. त्यातल्या दोघींचं हस्ताक्षर मी झोपेतही ओळखेन. हात शिवशिवला, पण नाव कळणार नाही असा शब्द दिला होता, म्हणून ते फॉर्म पालथे घातले. तुम्ही ओरडाल म्हणून नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

शेहेचाळीस जोड्या उरल्या. बावीस शून्य, अठरा अधिक, सहा उणे. मला चाळीस अधिक येतील अशी खात्री होती. बावीस जणींना काहीच फरक नाही, हे बघून मला रडू यायचं बाकी होतं. पण हिशेब केला. फरक नसताना इतकी एकतर्फी वाटणी शंभरात जेमतेम दोनदा पडते. लिहिलं.

कमिटीत एका डॉक्टरांनी विचारलं की त्या महिन्यांत वॉर्डच भरलेले होते, थकवा त्याचा कशावरून नाही? मी म्हटलं की तसंही असू शकेल, या फॉर्मांवरून मला ते सांगता येणार नाही. प्रोजेक्टसाठी आलेल्या मॅडम माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी स्वतःलाच नापास करते आहे. मग व्यवस्थापकांनी पेन उघडून विचारलं की हे उत्तर मिळेपर्यंत किती प्रकारे मोजलं. मी सांगितलं की आधी पाच प्रकारे, चुकीचं, तिसऱ्या पानावर आहे. त्यांनी तिसरं पान काढलं, शेवटपर्यंत वाचलं आणि पेन बंद केलं. नंतर मी सिरिंजचं सांगितलं. आठवड्याने निर्णय देऊ म्हणाले.

मला वाटलं सुटले. दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत एक नर्स माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली की मी तुमच्या सहा उण्यांतली एक. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले. आठ तासांत तिला आठवड्याला एक दिवस घरी मिळायचा, बारा तासांत तीन मिळतात. नोव्हेंबरपासून ती पहिल्यांदा नीट झोपते आहे. तिने रागाने स्वतःच्या लॉकरचं दार आपटलं. म्हणाली की अठरा जणींसाठी तुम्ही मला पुन्हा तिथेच ढकलणार. मामा, मला उत्तर सुचलं नाही. मी लॉकरचं कुलूप लावत राहिले, ते लागलेलंच होतं.

त्या संध्याकाळी मेट्रनबाईंकडे जाऊन हटून बसले. त्या म्हणाल्या की प्रत्येकीला निवडू दिलं तर ड्यूटीचा तक्ता लावणाऱ्याला वेड लागेल. तासभर वाद झाला. शेवटी काल कमिटीने मान्य केलं: ज्यांना हवे त्यांना बारा तास, बाकीच्यांना आठ. बारावाल्यांना मध्ये अर्धा तास सक्तीची विश्रांती, आणि दहाव्या तासानंतर इंजेक्शन दोघींनी तपासूनच द्यायचं. तक्ता कोण लावणार, हे विचारू नका. पहिलाच तक्ता सात वेळा फाडला आहे.

अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. मॅडमनी प्रोजेक्ट पास केला, वर शेरा मारला: टी-टेस्ट का नाही?

थकलेल्या भाचीला दोन्ही हातांनी माया पाठवावी.

तुमची,
टिटवी


१७ मे

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या मॅडमचा पत्ता पाठव. आठ पानांचं पत्र तयार आहे. मामीने ते लपवून ठेवलं आहे, पण सापडेल.

कपडे बदलायच्या खोलीत उत्तर सुचलं नाही म्हणतेस. मला अजूनही सुचलेलं नाही. अधिक आणि उणे कसे मोजायचे, हे चौतीस वर्षं शिकवलं. उण्यांतली एखादी समोर येऊन उभी राहिली तर काय करायचं, हे पुस्तकात नव्हतं आणि मला कुणी विचारलंही नाही. तू मेट्रनबाईंकडे गेलीस. मी तिकिटं घेऊन बाहेर आलो होतो. ते मामीला काल सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग तुझा अहवाल वाचून दाखवायला लावला, पहिल्या पानापासून. संपल्यावर तिने विचारलं की माझ्याबरोबर इतकी वर्षं काढून तिला कुठलं चिन्ह मिळालं असतं, अधिक की उणे? मी म्हटलं की त्यासाठी लग्नाआधी भरलेला फॉर्म लागतो. ती म्हणाली की तो तिला तोंडपाठ आहे.

मी उठून चहा ठेवला.

तक्ता आठव्यांदा लागेल. लागला की चार दिवस इकडे ये, कागद न घेता. आम्ही दोघंही तुझी वाट बघतो आहोत.

मामा