बावीस मिनिटांत मुरलेले पाणी

११ मे, सकाळी ६.३०
नोकरीतून निवृत्त झाले, डोक्यातून नाही. प्लॉट माझा, घर माझे. जमिनीची परीक्षा मीच घेणार. काल इंजिनिअर राजकुमार म्हणाला, मॅडम, काळी माती आहे, नमुना लॅबला पाठवू, घाई नको. दहावीला विज्ञानात याला मी काठावर पास केले होते. हा मला माती शिकवणार! बी.एस्सी. आहे मी, त्या काळची.
वंदनाला, म्हणजे भावजयीला, पाहुण्यांसमोर सांगून टाकले आहे : यंदा दिवाळीचा फराळ माझ्या घरी. भावाच्या घरात तीन महिने पुष्कळ झाले. भाजीला मीठ किती, यावरही बोलायची चोरी. (परवा बोलले. त्यातूनच फराळाचे निघाले.)

१२ मे
प्रयोग केला. दोन फूट खोल खड्डा, दोन बादल्या पाणी, हातात घड्याळ. बावीस मिनिटांत खड्डा कोरडा. निष्कर्ष : निचरा उत्कृष्ट. वहीत आकृती काढून भागांना नावे दिली.
मनकर्णाबाई बांधावरून बघत होती. प्लॉट पडण्याआधी हे वावर तिचेच. म्हणाली, काऊन पाणी सांडून राह्यल्या मॅडम? जमिनीनं नाही पेलं ते, भेगाइनं पेलं. मी सांगितले, प्रयोग चालू असताना बोलू नये. तरी चालूच. म्हणे, या कोपऱ्यात आमची तूर एक साल नाही टिकली, उभ्या उभ्या मरे. खत घातले नसणार. तसे तोंडावर सांगितले. हसली. अडाण्यांना विज्ञानाचे हसू येते.

१३ मे
राजकुमारला निकाल कळवला. म्हणतो, मॅडम, मे महिन्यात ही माती भेगाळते, पाणी भेगांतून उतरते. ओली झाली की फुगते, भेगा मिटतात. आठ-नऊ फुटांवर मुरूम लागेल, तिथून पाया उचलू. बाजूने नालीही काढू. मनकर्णाबाईने पढवले आहे, दुसरे काय! आठ फूट? विहीर बांधायची आहे का मला? चार फूट पुरे. नाली नको. राजकुमारही नको.
ठराव : उद्यापासून आवाज चढवायचा नाही. राजकुमार वगळून.

२० मे
शालिग्राम मिस्त्री ठरवला. मान डोलावतो. असाच माणूस हवा. पाया आखताना पुटपुटला, बाई, माती लय चिकट हाय. मी म्हटले, चिकट म्हणजे घट्ट, घट्ट म्हणजे पक्की. मान डोलावली.

२ जून
चर खोदून झाले. भावाला, वैजनाथला, मुद्दाम नेऊन दाखवले. म्हणाला, ताई, पावसाळ्यानंतरच भर पाया. घाबरट! लहानपणापासून. दगड आज येणार होता. ट्रॅक्टरवाल्याच्या घरी लग्न.

१४ जून, सकाळी ७
दगड नाहीच. काल दिवसभर पाऊस, पहाटे उघडला. चरांत पाणी, पट्टीने मोजले, चौदा इंच. काळजी नाही. बावीस मिनिटे. फार तर पंचवीस.

१४ जून, दुपारी ४
चौदा इंच.

१५ जून
चौदा. पट्टी बदलून पाहिली.

१८ जून
पाऊस उघडून चार दिवस झाले. सोळा इंच! कोणीतरी पाणी सोडते आहे. वरच्या प्लॉटवाल्याला जाऊन जाब विचारला. त्याने शांतपणे आपला खड्डा दाखवला. बावीस इंच.

२१ जून
पूर्वेकडचा चर ढासळला. शालिग्रामला झापले, आधी बोलला का नाहीस? म्हणाला, बाई, तुमी बोलू कुठं देल्लं? मान डोलावली नाही. मनकर्णाबाई गवताचा भारा घेऊन चालली होती. थांबून म्हणाली, मॅडम, आमची तूर नाही आली, तुमी शिंगाडे लावून पाहा. मी पट्टी घेऊन चराकडे वळले.

२५ जून
राजकुमारला फोन केला. फक्त पाणी उपसायच्या पंपाची चौकशी करायला. तासाभरात मेहकरहून आला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चरात उतरला. मागचे एक अक्षर काढले नाही. तेच जास्त लागले. चिखलाचा गोळा करून माझ्या हातावर ठेवला. साबणासारखा. म्हणाला, आता दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही, मॅडम. पाणी आटू द्या, मग नमुना, मग मुरूम. घर पुढच्या पावसाळ्याआधी उभे करू.
ओरडणार होते. कोणावर, ते ठरेना.

२६ जून
वंदनाला स्वतःच सांगितले, मान ताठ ठेवून : तांत्रिक कारणांमुळे काम थोडे लांबले आहे. ती भाकरी थापत होती. वळलीसुद्धा नाही. म्हणाली, वरच्या खोलीतलं कपाट मोकळं केलं ताई, तुमची पुस्तकं पेटीत ओल धरून राह्यली. मी म्हटले, फक्त दिवाळीपर्यंत. ती म्हणाली, पाहुण्याइले मी सांगून देल्लं, फराळ इथंच हाय. तुमी यायचं, खायचं. चकलीचं पीठ मात्र मीच भिजवीन, त्यात तुमी नाही बोलायचं.
मी 'बरं' म्हटले.